'सिंगल फिन' : नाव आणि वस्तू

वस्तू आधी आणि नाव मागाहून, हा क्रम आपण सहसा गृहीत धरतो. परंतु काही नावे अशी असतात की, वस्तू सर्वत्र प्रचारात असताना त्यांची गरजच भासत नाही. तिला प्रतिस्पर्धी निर्माण झाल्यावरच ती जन्मास येतात. यंत्रमाग येईपर्यंत विणकराच्या घरी नुसता 'माग' होता. 'हातमाग' हा शब्द त्यानंतरचा. समुद्राच्या लाटेवर फळी घेऊन उभ्याने घसरत जाण्याच्या खेळात, म्हणजे सर्फिंगमध्ये, 'सिंगल फिन' हे नाव याच जातीचे आहे. ज्या फळीच्या तळाशी, शेपटीकडे, माशाच्या परासारखा एकच पर असतो, ती सिंगल फिन. हे नाव मागील काळास सरसकट लावल्याने इतिहासाचे आकलन कसे सदोष होते, हे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

या खेळाचे माहेर पॉलिनेशिया, आणि त्यातही विशेषेकरून हवाई बेटे. हवाई भाषेत त्यास 'हेए नालू' म्हणतात. 'नालू' म्हणजे लाट आणि 'हेए' म्हणजे घसरणे. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील लेफ्टनंट जेम्स किंग याने १७७९ साली केआलाकेकुआ उपसागरात हा खेळ पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले. लांब व जाड 'ओलो' ही मुख्यत्वे सरदारवर्गाची फळी. पातळ 'अलाया' ही सर्वसामान्यांच्याही वापरातील. दोहोंच्याही तळाशी पर नव्हता. दिशा राखण्याचे काम फळीची कड आणि स्वाराचे पाय करीत. खेळाच्या नावातच घसरणे आहे, ही गोष्ट म्हणून ध्यानात घेण्याजोगी आहे.

१९३५ साली टॉम ब्लेक या अमेरिकन गृहस्थाने वायकीकी येथे एका टाकून दिलेल्या वेगवान मोटरबोटीच्या तळाचा धातूचा कणा आपल्या पोकळ फळीस बसविला. फळीची शेपटी आडवी निसटेनाशी झाली. मात्र या सुधारणेचा सर्वांनी तत्काळ स्वीकार केला नाही. १९३७ च्या सुमारास वॉली फ्रॉयसेथ, जॉन केली व फ्रॅन हीथ या होनोलुलूच्या तरुणांनी त्याच अडचणीवर निराळा तोडगा काढला : त्यांनी शेपटी अरुंद करून तळास खोल उतार दिला. 'हॉट कर्ल' नावाच्या या फळ्यांना पर नव्हता. एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे काही वर्षे शेजारी शेजारी नांदत होती.

पुढे काचतंतू, राळ व फोम यांमुळे फळ्या हलक्या झाल्या आणि पर रूढ झाला. १९६६ साली सॅन डिएगो येथील जागतिक स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने जिंकली. त्याच्या फळीचा पर जॉर्ज ग्रीनो याच्या कल्पनेप्रमाणे बारीक व मागे झुकलेला होता. त्यानंतर फळ्या झपाट्याने आखूड झाल्या, तरी पर एकच राहिला. १९७२ व १९७३ साली जेरी लोपेझने पाइपलाइन येथील स्पर्धा जिंकल्या त्या अशाच फळ्यांवर.

दोन परांचे प्रयोग बॉब सिमन्सने १९५० च्या आसपासच केले होते. पण ते अपवादच ठरले. १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे मार्क रिचर्ड्स दोन परांच्या फळीवर जगज्जेता झाला, आणि सायमन अँडरसनने १९८१ साली तीन परांच्या 'थ्रस्टर'वर बेल्स बीचची स्पर्धा जिंकली. आता जुन्या फळीस विशेषण लावल्यावाचून गत्यंतर उरले नाही. जी नुसती 'फळी' होती, ती 'सिंगल फिन' झाली.

या नावाचा अर्थ पाण्यावर गेल्याशिवाय पुरता उलगडत नाही. थ्रस्टरच्या बाजूच्या परांची पुढील टोके फळीच्या मध्यरेषेकडे किंचित वळलेली असतात. वळण घेताना त्यांवर पाण्याचा दाब येऊन फळीला रेटा मिळतो. पावले दाबून स्वाराला वेग निर्माण करता येतो. एकट्या मध्यवर्ती पराच्या दोन्ही बाजू सारख्याच फुगीर असतात. तो सरळ जाताना अडथळा कमी करतो, परंतु असा रेटा देत नाही. म्हणून वेग लाटेकडूनच घ्यावा लागतो : लाटेच्या उभ्या भागात योग्य जागा धरावयाची, फळी कडेवर कलवावयाची आणि पराभोवती लांब, गोलाकार वळण पुरे होऊ द्यावयाचे. घाई केल्यास शेपटी सुटते. पर पुढे सरकविला तर फळी चपळ होते, मागे नेला तर निश्चल. फळी जितके फूट लांब, तितके इंच पर उंच, असा कारागिरांचा ढोबळ आडाखा आहे.

गेल्या काही दशकांत जुन्या घाटाच्या अशा फळ्या पुन्हा मोठ्या प्रमाणावर घडविल्या जात आहेत. मात्र यास पुनरागमन म्हणणे अपुरे आहे. बाह्याकृती १९७० च्या दशकातील ठेवून कडा व तळाचा बाक आजच्या ज्ञानाने कोरणारे कारागीर पुष्कळ आहेत. त्याहून महत्त्वाचा फरक स्वाराच्या मनातील आहे. १९७२ सालच्या स्वाराने एक पर निवडला नव्हता; त्याच्यापुढे जवळजवळ दुसरा पर्यायच नव्हता. आजचा स्वार तीन पर उपलब्ध असता एक पसंत करतो. पूर्वी जी मर्यादा होती, ती आता शिस्त म्हणून पत्करलेली आहे.

तात्पर्य, 'सिंगल फिन' हा शब्द मागे नेऊन लावला की दोन परिणाम संभवतात. १९३५ पासूनची चार दशके थ्रस्टरची केवळ पूर्वतयारी भासू लागतात. आणि त्यापूर्वीच्या अलायाला तर 'पर नसलेली' अशा उणिवेच्या भाषेत ओळखावे लागते. परंतु हेए नालू म्हणणाऱ्यांना कसलीच उणीव जाणवत नव्हती. नंतरच्या काळाने दिलेले नाव वापरणे अभ्यासकास टाळता येणार नाही. ते नंतरचे आहे, एवढे भान मात्र सुटता कामा नये.