हॅन्कॉकचा अर्धा तास

१९५८ साली बी.बी.सी.च्या नभोवाणीवरून एक श्रुतिका प्रसारित झाली. रविवारची दुपार आहे, करण्यासारखे काही नाही आणि घरातली माणसे कंटाळून बसली आहेत, एवढेच तिचे कथानक. जांभया, सुस्कारे आणि मध्येच पसरणारी शांतता यांतून तिने श्रोत्यांना मनमुराद हसविले. ज्या माध्यमात शब्द हेच सर्वस्व, तेथे निःशब्दतेतून हास्य निर्माण करणारा तो नट म्हणजे टोनी हॅन्कॉक.

हॅन्कॉकचा जन्म १९२४ साली बर्मिंगहॅम येथे झाला; बालपण बोर्नमथ या समुद्रकाठच्या गावी गेले. वडील हॉटेल चालवीत आणि प्रसंगी रंगमंचावर लोकरंजनही करीत. ते वारले तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा होता. युद्धकाळात विमानदलात काढलेल्या दिवसांनंतर १९४८ मध्ये लंडनच्या विंडमिल थिएटरात त्याने उमेदवारी केली. १९५१ मध्ये नभोवाणीवर एका बोलक्या बाहुलीचा त्रस्त शिक्षक म्हणून तो घरोघरी पोहोचला.

२ नोव्हेंबर १९५४ रोजी 'हॅन्कॉक्स हाफ अवर' ही मालिका सुरू झाली. तिचे लेखक रे गॅल्टन आणि अ‍ॅलन सिम्प्सन. गाणी व सुटे चुटके यांना फाटा देऊन त्यांनी अर्ध्या तासाची एकसंध कथा रचली. ईस्ट चीम या कल्पित वस्तीतील जुनाट घरात राहणारा त्यांचा नायक स्वतःला मोठा विद्वान समजे, आणि सिड जेम्सने रंगविलेला व्यवहारचतुर सोबती त्याला पदोपदी जमिनीवर आणी. १९५६ पासून ही मालिका दूरचित्रवाणीवरही आली.

या यशातच हॅन्कॉकला बंधन वाटू लागले. १९६० मध्ये जॉन फ्रीमन यांनी दूरचित्रवाणीवर त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली. हेच फ्रीमन पुढे १९६५ ते १९६८ या काळात भारतात ब्रिटनचे उच्चायुक्त होते. त्यांच्या प्रश्नांतून एक असमाधानी, आत्मपरीक्षणात गुंतलेला माणूस लोकांसमोर आला. त्याच वर्षी त्याने सिड जेम्सची साथ सोडली. १९६१ ची मालिका त्याच्याविनाच झाली, आणि ती कमालीची गाजली. तीतील रक्तदात्याचा प्रयोग आजही नावाजला जातो. चाचणीसाठी घेतलेला थेंब म्हणजेच आपले दान, असे समजून निघालेला हा दाता खरे प्रमाण ऐकताच हादरतो. मोटार अपघातामुळे त्याचे पाठांतर झाले नव्हते. म्हणून समोर लिहून ठेवलेली वाक्ये वाचून त्याने ही भूमिका केली. पुढे तीच सवय जडली.

एका सोबत्यावाचून अडले नाही, तेव्हा कोणावाचूनच अडणार नाही, असा त्याचा ग्रह झाला असावा. पॅरिसला जाऊन चित्रकार होऊ पाहणाऱ्या लंडनच्या कारकुनाचा 'द रिबेल' हा चित्रपट गॅल्टन आणि सिम्प्सन यांनीच त्याच्यासाठी लिहिला होता. परंतु १९६१ मध्येच तो त्यांच्यापासूनही दूर झाला. दुसऱ्याच वर्षी त्या दोघांनी 'स्टेप्टो अँड सन' ही नवी मालिका यशस्वी करून दाखविली. हॅन्कॉकचा 'द पंच अँड जूडी मॅन' हा १९६३ चा चित्रपट मात्र तितका रुचला नाही. मद्यपान वाढले, संसार मोडला. जून १९६८ मध्ये, ऑस्ट्रेलियात एका नव्या मालिकेचे काम चालू असताना, सिडनी येथे त्याने स्वतःच आपले जीवन संपविले. वय अवघे ४४ वर्षांचे होते.

त्याने रंगविलेला ईस्ट चीमचा तो गृहस्थ सोबत्यांना सदैव कमी लेखी, पण अखेर त्यांच्यातच येऊन बसे. हॅन्कॉकला मात्र परतीची ती वाट सापडली नाही.