प्रवेश-अर्जातील इतिहास : महाराष्ट्रातील स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांचे निवासी संगोपन आणि निवडीचा प्रश्न

सारांश : स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांसाठी निवासगृह निवडणे हा प्रश्न आपल्याकडे बहुधा नैतिक प्रश्न म्हणून मांडला जातो. प्रस्तुत लेखात तो संस्थांच्या इतिहासाचा प्रश्न म्हणून तपासला आहे. निराधारांचा आश्रम आणि मनोरुग्णांचे इस्पितळ या दोन जुन्या परंपरांपैकी एकीतही स्मृतिभ्रंशग्रस्त माणसाला स्वतःची जागा नव्हती. आजच्या निवासगृहांवर या दोन्ही परंपरांचा ठसा आहे, आणि तो ओळखता आला तर निवड अधिक डोळसपणे करता येते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : स्मृतिभ्रंश, वृद्धाश्रम, मनोरुग्णालय, मानसिक आरोग्य कायदा, संमती.

प्रस्तावना

घरातील वृद्ध माणूस जेवल्याचे विसरू लागला, रात्री-अपरात्री दार उघडून बाहेर पडू लागला, मुलाला भाऊ आणि मुलीला आई समजू लागला, म्हणजे कुटुंबापुढे एक निर्णय येऊन ठाकतो : घरीच सांभाळावे, की निवासगृहात ठेवावे? या दुसऱ्या पर्यायासाठी मराठीत जो शब्दप्रयोग रूढ आहे, तो बोलका आहे. रुग्णालयात आपण माणसाला 'दाखल करतो'. वृद्धाश्रमात मात्र 'टाकतो'. एका क्रियापदात आरोप, साक्ष आणि निवाडा हे सारे सामावलेले असते.

प्रस्तुत लेखिकेने गेल्या वर्षी आपल्या वडिलांसाठी तीन निवासगृहे पाहिली. तिन्ही ठिकाणी छापील प्रवेश-अर्ज हाती देण्यात आला. पहिल्या अर्जात प्रश्न होता : 'अर्जदार निराधार आहे काय? स्वतःची दैनंदिन कामे स्वतः करू शकतो काय?' दुसऱ्यात : 'मनोविकारतज्ज्ञाचे प्रमाणपत्र जोडले आहे काय? रुग्ण इतरांस इजा करतो काय?' तिसऱ्यात : 'यांना कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते? सकाळी किती वाजता उठण्याची सवय आहे?' इतिहासाच्या अध्यापकाच्या दृष्टीने अर्ज हाही एक दस्तऐवज असतो. हे तीन अर्ज एकाच काळात, एकाच जिल्ह्यात छापलेले असले, तरी त्यांतील प्रश्न निरनिराळ्या काळांतून आलेले आहेत. त्या काळांचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू होय.

शब्द आणि त्यामागील धारणा

'स्मृतिभ्रंश' हा शब्द आपल्याला भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायापासून परिचित आहे. तेथे तो विषयचिंतनापासून सुरू होऊन विनाशापर्यंत जाणाऱ्या साखळीतील एक कडी म्हणून येतो. म्हणजे तेथे तो व्याधी नसून पतनाची पायरी आहे. लोकभाषेत 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आणि 'म्हातारचळ' हा शब्द रूढ झाला. पहिल्यात वयाचा अपरिहार्य परिणाम सूचित होतो, तर दुसऱ्यात किंचित उपहास आहे. वार्धक्यातील विस्मरण हा मेंदूचा विकार असू शकतो, ही कल्पना या शब्दसंपत्तीत कोठेच नाही.

वैद्यकशास्त्रातही ती फार जुनी नाही. १९०१ मध्ये फ्रँकफर्ट येथील मनोरुग्णालयात ऑगुस्ट डीटर या एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीची अलॉइस अल्झायमर यांनी तपासणी केली. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर त्यांनी तिच्या मेंदूतील बदलांविषयीचे निरीक्षण ट्युबिंगन येथील सभेत मांडले, आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यग्रंथात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. तथापि पुढील अनेक दशके हा ऐन प्रौढ वयातील दुर्मीळ विकार समजला जात होता. उतारवयातील सर्वसामान्य स्मृतिभ्रंशाचा मोठा भाग हाच विकार आहे, हे रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ मध्ये ठामपणे मांडले. तात्पर्य, आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला ज्याने ग्रासले, त्याला 'आजार' म्हणून सार्वत्रिक मान्यता मिळून अर्धे शतकच झाले आहे.

पहिली परंपरा : निराधारांचा आश्रम

महाराष्ट्रातील वृद्धाश्रमांचे मूळ दानधर्मात आहे. पुण्यातील 'निवारा' या नावाने ओळखली जाणारी संस्था डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अनाथ व पंगू व्यक्तींसाठी उभी राहिली. 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा ख्रिस्ती भगिनीसंघ १८८२ मध्ये कलकत्त्यात आला आणि त्याने भारतात गरीब वृद्धांसाठी निवास चालविले. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या 'प्रोवेदोरिया' या सार्वजनिक साहाय्य संस्थेकडे वृद्धाश्रमांचा कारभार आहे. या सर्व संस्थांत प्रवेशाची कसोटी एकच होती : माणसाला कोणी नाही काय?

स्वातंत्र्योत्तर शासनाने हीच कसोटी पुढे चालविली. महाराष्ट्र शासनाची वृद्धाश्रम योजना १९६३ मध्ये सुरू झाली ती निराधार वृद्धांसाठी. १९९५ मध्ये 'मातोश्री वृद्धाश्रम' योजनेने विनामूल्य जागांबरोबर शुल्क भरणाऱ्यांसाठीही जागा ठेवून एक पाऊल पुढे टाकले. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमात प्रत्येक जिल्ह्यात किमान एका वृद्धाश्रमापासून टप्प्याटप्प्याने आरंभ करण्याची तरतूद आहे. परंतु तो दीडशे निर्धन ज्येष्ठांसाठी आहे, आणि कायद्याची भाषा राज्य शासन असे 'करू शकेल' अशी आहे, 'करील' अशी नाही.

याच्या दुसऱ्या बाजूस कायद्याने मुलांवरील कर्तव्य अधिकाधिक घट्ट केले. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, आणि विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी असू शकते हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ मधील निर्णय, ही त्याची ठळक उदाहरणे होत. या मांडणीत एक गृहीत दडलेले आहे : मुले असतील तर घर, मुले नसतील तर आश्रम. मुले आहेत, त्यांना सांभाळण्याची इच्छाही आहे, पण चोवीस तासांची देखरेख त्यांच्या शक्तीबाहेरची आहे, अशा कुटुंबासाठी या चौकटीत रकानाच नाही. 'टाकणे' हे क्रियापद याच गृहीतातून बळ घेते. शिवाय आश्रमाची दुसरी अट, म्हणजे स्वतःची कामे स्वतः करता येणे, स्मृतिभ्रंशग्रस्ताला दारातच थांबविते.

दुसरी परंपरा : वेड्यांचे इस्पितळ

दुसरी परंपरा वसाहतकालीन आहे. १८५८ च्या कायद्याने वेड्यांच्या इस्पितळांतील प्रवेश दंडाधिकाऱ्याच्या चौकशीशी जोडला. १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्यात अर्ज, दोन वैद्यकीय प्रमाणपत्रे आणि दंडाधिकाऱ्याचा दाखल करून घेण्याचा हुकूम अशी पद्धत होती. येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये याच व्यवस्थेचा वारसा होत. या इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत 'डिमेन्शिया' हा रकाना असे, परंतु त्याचा अर्थ आजच्यापेक्षा वेगळा होता. उन्माद किंवा खिन्नता जुनाट होऊन बुद्धी मंदावलेल्या कोणत्याही वयाच्या रुग्णाची त्यात गणना होई. त्यामुळे त्या आकड्यांवरून वृद्धांतील स्मृतिभ्रंशाचे प्रमाण काढणे इतिहासाच्या अभ्यासकाला टाळावे लागते.

या परंपरेने आजच्या निवासगृहांना दोन गोष्टी दिल्या : प्रमाणपत्र आणि कुलूप. माणसाला बाहेर पडू न देणे हीच सुरक्षितता, ही समजूत तिच्यातून आली. तिचे टोक ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. तेथील एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधण्यावर पूर्ण बंदी घातली आणि शारीरिक बंधनाचा वापर कठोर अटींच्या अधीन केला. याच कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीच्या गंभीर विकाराचा उल्लेख केला आणि अशा व्यक्तींना निवासी ठेवणाऱ्या संस्थांना नोंदणी बंधनकारक केली. म्हणून 'आमचे हे केवळ वृद्धाश्रम आहे' असे सांगून स्मृतिभ्रंशग्रस्तांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला नोंदणीविषयी विचारण्याचा कुटुंबाला पूर्ण अधिकार आहे.

तिसरी वाट

तिसऱ्या अर्जातील प्रश्नांचा उगम अगदी अलीकडचा आहे. ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड येथील अभ्यासक टॉम किटवुड यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, स्मृतिभ्रंशात माणसाची जी घसरण होते ती सर्वस्वी मेंदूतील बदलांमुळे नसते; भोवतालची माणसे त्याला कसे वागवितात यावरही ती अवलंबून असते. त्याला लहान मुलासारखे हिणविणे, त्याच्यादेखत त्याच्याविषयी तिसऱ्या माणसासारखे बोलणे, घाई करणे, यांतून त्याचे माणूसपण झिजते. भारतात १९९२ मध्ये केरळात स्थापन झालेल्या 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' या संस्थेने या विषयाला सार्वजनिक रूप दिले. तिच्या २०१० च्या अहवालात देशात सुमारे ३७ लाख स्मृतिभ्रंशग्रस्त असल्याचा अंदाज होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीवर आधारित अंदाज साठ वर्षांवरील लोकसंख्येत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख इतका आहे.

मराठी कलाविश्वातही हे वळण दिसते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) या चित्रपटातील संस्कृतचे वृद्ध प्राध्यापक हत्तीमागे चालत हरवतात आणि माहुताच्या कुटुंबात त्यांना काही काळ आसरा मिळतो. ती माणसे त्यांचे पांडित्य जाणत नाहीत, त्यांचा पूर्वेतिहासही जाणत नाहीत. समोरच्या माणसाला आहे तसा स्वीकारतात. रक्ताच्या नात्याबाहेरही जिव्हाळ्याचे संगोपन शक्य असते, हे या चित्रपटाने मराठी प्रेक्षकाला दाखविले. आश्रम व इस्पितळ या दोन्ही परंपरांनी नेमकी हीच शक्यता विचारात घेतली नव्हती.

संमती कोणाची?

तिन्ही अर्जांच्या अखेरीस सहीची जागा होती. पहिल्या दोन अर्जांत ती फक्त नातेवाइकासाठी होती. तिसऱ्यात 'निवासी व्यक्तीची सही' अशी आणखी एक ओळ होती. वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांनी त्या ओळीवर नेहमीच्या वळणदार अक्षरात सही केली आणि मग विचारले, 'बदली कोणत्या शाळेवर झाली?' ती सही संमती मानावी काय, हा प्रश्न त्या दिवसापासून प्रस्तुत लेखिकेच्या मनातून गेलेला नाही.

कायद्याने या प्रश्नाचे अंशतः उत्तर दिले आहे. मानसिक आजाराच्या प्रसंगी आपले संगोपन व उपचार कसे व्हावेत, कसे होऊ नयेत, आणि आपला प्रतिनिधी कोण असावा, हे सज्ञान व्यक्तीला आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिला. मात्र १९१२ व १९८७ च्या कायद्यांत मिळकतीच्या व्यवस्थेसाठी जी तरतूद होती, ती या कायद्यात नाही. त्यामुळे वडिलांच्याच पैशांतून त्यांच्या संगोपनाचा खर्च भागविण्यासाठी कित्येक कुटुंबांना न्यायालयाची पायरी चढावी लागते. आजाराच्या पहिल्या टप्प्यातच, बोलणे शक्य असताना, हे लेखी काम उरकून घेणे अत्यावश्यक ठरते. आपण मात्र अशा बोलण्याला अभद्र समजून ते लांबणीवर टाकतो, आणि मग निर्णय घेण्याची वेळ येते तेव्हा ज्याच्याविषयी निर्णय घ्यावयाचा, तोच सांगू शकत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून निवासगृह पाहावयास जाणाऱ्याने काय विचारावे, हे स्पष्ट होते. संस्थेची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे? रात्री किती माणसे जागी असतात? निवासी व्यक्ती अस्वस्थ झाली तर काय करतात, सोबत करतात, औषधाने गुंगी आणतात, की बांधून ठेवतात? दाराला कुलूप असेल तर आत हिंडण्यास मोकळी जागा आहे काय? तेथे वडिलांची बोली कोणी बोलते काय? न कळविता भेटावयास येता येईल काय? आणि आजार बळावल्यावर संस्था त्यांना ठेवील, की परत नेण्यास सांगेल? यांतील प्रत्येक प्रश्न वस्तुतः एकच गोष्ट तपासतो : ही संस्था पहिल्या दोन परंपरांतून कितपत बाहेर आली आहे.

प्रस्तुत लेखिकेच्या कुटुंबाने तिसरे निवासगृह निवडले. ते निर्दोष नाही, आणि त्याचे शुल्क निवृत्तिवेतनात भागत नाही. येथेच या विषयातील खरी विषमता आहे. माणसाला नावाने हाक मारण्याविषयीचा प्रश्न आज ज्याला परवडतो त्यालाच विचारला जातो. निर्धन वृद्धाच्या वाट्याला अजूनही निराधारपणाचा किंवा वेडेपणाचा दाखला येतो. शासकीय व अनुदानित वृद्धाश्रमांच्या प्रवेश-अर्जांत तिसऱ्या अर्जातील प्रश्नांचा समावेश करण्यास फारसा खर्च येणार नाही. त्या प्रश्नांच्या उत्तरांप्रमाणे वागण्यासाठी मात्र प्रशिक्षित माणसे नेमावी लागतील. ती नेमली गेली, तर 'टाकणे' हे क्रियापद मराठीतून आपोआप मागे पडेल. तोवर ते वापरण्यापूर्वी, ज्या घरात हा निर्णय झाला तेथील जागून काढलेल्या रात्रींची आठवण ठेवणे, एवढे तरी आपणांस करता येईल.