पन्नास रुपयांची मर्यादा आणि शाळेची फी : पोटगीचा मराठवाड्यातील इतिहास

घटस्फोटानंतर मूल आईजवळ राहते. शाळेची फी दरवर्षी वाढते. न्यायालयाने ठरवून दिलेली पोटगी मात्र जिथल्या तिथे असते. आई वाढीव रकमेसाठी अर्ज करते, आणि समोरून हमखास युक्तिवाद येतो : पोटगी पोटासाठी असते, खासगी शाळेसाठी नव्हे. हा युक्तिवाद ऐकायला आडमुठा वाटला तरी तो कायद्याच्या मुळातूनच आलेला आहे.

१८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीची तरतूद झाली. पत्नी आणि मूल यांच्यासाठी कमाल मर्यादा होती महिना पन्नास रुपये. कौटुंबिक प्रश्न फौजदारी कायद्यात का, याचे उत्तर राज्यकर्त्यांच्या दृष्टीत आहे. निराधार बायकामुले रस्त्यावर येऊ नयेत, त्यांतून भटकेपणा आणि गुन्हे वाढू नयेत, एवढीच सरकारची काळजी होती. इंग्लंडात १६०१ च्या दरिद्री कायद्यामागेही असाच हिशेब होता : मुलाचा भार आईबापांवर टाका, म्हणजे तो गावावर पडणार नाही. या चौकटीत शाळेला जागाच नव्हती.

परभणी जिल्हा तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हता. निजामाच्या हैदराबाद संस्थानाची फौजदारी संहिता स्वतंत्र होती आणि १८८४ पासून कारभाराची भाषा उर्दू होती. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. नगर-सोलापूरच्या स्त्रीला तो लागू होता, परभणीच्या स्त्रीला नव्हता. अनेक जातींत सोडचिठ्ठीची रूढी होती खरी, पण तिचा निवाडा पंचांच्या हाती.

इथे एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. निजामी अमदानीत सरकारी शिक्षणावर उर्दूचे वर्चस्व होते. त्यामुळे मराठवाड्यात खासगी शाळा म्हणजे बहुधा मातृभाषेची, राष्ट्रीय विचारांची शाळा. आज त्याच शब्दाने डोळ्यांपुढे इंग्रजी माध्यमाची पाटी येते.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले आणि १ एप्रिल १९५१ पासून भारतीय फौजदारी प्रक्रिया संहिता येथे लागू झाली. तिचे कलम ४८८ परभणीच्या न्यायालयांत आले तेव्हा मर्यादा शंभर रुपये झालेली होती. १९५५ मध्ये ती पाचशे झाली. त्याच वर्षीच्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ ने मुलांचा ताबा आणि पालनपोषण यांच्या जोडीला शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख केला, आणि असा आदेश पुढे बदलण्याची मुभाही ठेवली. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याने तर निर्वाहाच्या व्याख्येतच अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधोपचार एका ओळीत बसवले. पोटगीतून शाळा वगळता येणार नाही, हे हिंदू कुटुंबांपुरते तेव्हाच ठरले होते.

मग अडले कुठे? अडले मार्गात. या दोन कायद्यांखालील रकमेला कमाल मर्यादा नव्हती, पण दिवाणी दाव्याला वेळ, पैसा आणि वकील लागे. सोपा आणि सर्व धर्मांना खुला रस्ता फौजदारी कलमाचा होता, आणि तिथे पाचशेची भिंत उभी होती. १९७३ च्या नव्या संहितेत कलम १२५ आले, तरी आकडा तोच राहिला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीचा एक खटला आला. आई आणि दोन मुले यांना मिळून हजार रुपये मंजूर झाले होते. पतीचे म्हणणे, पाचशेपेक्षा जास्त देताच येणार नाहीत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मर्यादा प्रत्येकासाठी स्वतंत्र असल्याचा निर्णय दिला. मुलाचा हिस्सा आईच्या हिश्श्यापासून वेगळा मोजला जाऊ लागला. १९९७ मध्ये न्यायालयाने आणखी एक दार उघडले : १९८६ च्या मुस्लिम स्त्रियांविषयीच्या कायद्यामुळे मुलांचा कलम १२५ खालील हक्क कमी होत नाही. महाराष्ट्राने १९९९ मध्ये मर्यादा पंधराशेवर नेली. सप्टेंबर २००१ मध्ये संसदेने ती देशभर काढूनच टाकली. १९५५ चा आकडा बहुतेक देशात शेहेचाळीस वर्षे टिकला होता!

फीचा प्रश्न थेट हाताळणारा निकाल महाराष्ट्रातूनच निघाला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने २०१३ मध्ये एका मुलासाठी दरमहा पाच हजार आणि सप्टेंबर २०१५ पासून दहा हजार रुपये ठरवले होते. मूल वाढेल तसा खर्च वाढेल, हे आदेशातच गृहीत होते. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा व सुभाष रेड्डी यांनी निकाल दिला. शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी करावा. आई पुरेशी कमावती असेल तर तो प्रमाणात वाटून घ्यावा. शिकवणीचा खर्चही धरावा, पण तो अवाजवी नसावा.

परभणीसाठी या निकालातील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र त्याच्या परिशिष्टात आहे. दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यायचे, आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा नमुना वेगळा. जमीन किती, तिच्यात हिस्सा कोणता, ती कोरडवाहू की बागायती, पीक कोणते, जनावरे किती, असे प्रश्न त्यात येतात. ज्या जिल्ह्यात एका शिवारात जायकवाडीच्या कालव्याचे पाणी पोहोचते आणि दुसऱ्यात सोयाबीन-कापूस पावसाच्या भरवशावर उभा असतो, तिथे बापाची ऐपत पगारपत्रकातून कळत नाही. ‘शेतीत काही उरत नाही’ हे वाक्य पूर्वी पुरावा म्हणून खपत असे, आणि कित्येकदा ते खरेही असे. आता त्याच्याबरोबर सातबारा ठेवावा लागतो.

१ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. परिस्थिती बदलल्यास रक्कम वाढवून मागण्याची सोय कलम १४६ मध्ये आहे. वयाची अट मात्र कायम आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की धडधाकट मुलाची रक्कम या कलमाखाली थांबते. १९५६ चा कायदा स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित हिंदू मुलीला पुढेही आधार देतो, मुलाला नाही. बारावीचा निकाल आणि महाविद्यालयाची पहिली फी साधारण त्याच वर्षी येतात.