प्रवरेकाठचं खापर आणि समुद्रतळाचं प्लास्टिक

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, समुद्राच्या प्रदूषणाचा इतिहास सांगायचा, याची काहींना गंमत वाटली असेल. आपल्याला ना किनारा, ना बंदर. पण जिल्ह्याचा उतार पाहा. मुळा प्रवरेला मिळते, प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला. दक्षिणेकडची सीना भीमेत जाते, भीमा कृष्णेत. अरबी समुद्र सह्याद्रीपलीकडे हाकेवर असूनही आपलं जवळजवळ सगळं पाणी अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जातं. पाण्याबरोबर जे वाहतं, तेही तिकडेच.

आता नदीच्या काठाकडे येऊ. 1950-51 मध्ये संगमनेरजवळ जोर्वे इथे उत्खनन झालं. 1954 ते 56 मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी नेवासं खणलं. पुढे दायमाबाद आलं. तांबड्या खापरांवर काळी नक्षी, यावरून आपण म्हणतो की इथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी शेतकरी राहत होते. ज्या माणसांनी एक अक्षर लिहून ठेवलं नाही, त्यांचा इतिहास आपल्याला त्यांच्या फुटक्या मडक्यांनी सांगितला. इतिहास कचऱ्यातून वाचता येतो, ही प्रवरेची शिकवण.

आपला थर कशाचा असेल? 1907 साली बेकलाइट आलं, 1933 मध्ये पॉलिथिन सापडलं. 1972 मध्ये कारपेंटर आणि स्मिथ या दोघांनी सारगासो समुद्राच्या पृष्ठभागावर प्लास्टिकचे कण तरंगताना पाहिल्याचं लिहिलं. 2004 मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड थॉम्प्सन यांनी वाळू-गाळातले सूक्ष्म तंतू तपासले, शिवाय 1960च्या दशकापासून जपून ठेवलेले प्लवकांचे नमुने काढून पाहिले, आणि कण वाढत गेल्याचं दाखवलं. 'मायक्रोप्लास्टिक' हा शब्द तिथून रूढ झाला. आपल्याकडे 2006 मध्ये गुजरातेतल्या अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्यावरचा गाळ तपासला गेला. दर किलो गाळात सरासरी 81 मिलिग्रॅम प्लास्टिकचे तुकडे निघाले. थर साचायला लागलाय, हे नक्की.

पण खापर आणि प्लास्टिक यांत एक मोठा फरक आहे. सांख्यांनी नाशाची व्याख्या केली ती अशी, की नाश म्हणजे कार्याचं आपल्या कारणात विलीन होणं. घडा फुटला की तो मातीचाच, मातीत जातो. प्लास्टिक ऊन-पाण्याने फुटत राहतं, बारीक होतं, पण परत कुठेच जात नाही. आणि ते एकटंही राहत नाही. त्यात मऊपणासाठी घातलेली थॅलेट्ससारखी रसायनं बाहेर झिरपतात, आणि बाहेरची विषं त्याला चिकटतात. 2001 मध्ये जपानी संशोधकांनी प्लास्टिकचे कोरे दाणे टोकियोच्या उपसागरात सहा दिवस ठेवले. पाण्यातली पीसीबी आणि डीडीटीपासून बनणारी रसायनं त्यांवर दिवसागणिक साचत गेली. किनाऱ्यावर सापडलेल्या दाण्यांवर तर ती पाण्याच्या मानाने लाखो पटींनी जास्त भरली. पाण्याहून हलका कणसुद्धा शेवाळ चढलं की जड होतो, तळाशी जातो. तिथे गाळात चरणारे जीव त्याला अन्न समजतात.

आता घराकडे वळू. अकोले-संगमनेरच्या टोमॅटोखालचा 25-30 मायक्रॉनचा मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या, शेततळ्याचा कागद. दुष्काळी जिल्ह्याला यांनी पाणी वाचवून दिलं, ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण पीक निघाल्यावर फाटका मल्चिंग बांधावर पडतो, नाहीतर नांगराखाली जातो. पहिल्या पुरात ओढा, मग प्रवरा, मग नाथसागर. तिथे पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ बसतो. समुद्रतळावर जे घडतं, ते पैठणच्या धरणात आधी घडतं. जे बसत नाही, ते दरवाजे उघडले की पुढे जातं.

नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात नाथसागरासाठी किती टीएमसी सोडायचं, यावर आपण वर्षानुवर्षं भांडतोय. भांडण खरं आहे, दोन्हीकडे तहान आहे. पण पाणी किती, हे आपण विचारतो. पाण्यात काय, हे विचारत नाही. ते पाणी छत्रपती संभाजीनगरची माणसं पितात. 2018च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत बोलणं झालं ते मुख्यतः पिशव्यांचं. शेतातल्या प्लास्टिकचं काय, हा प्रश्न आपल्याच जिल्ह्याने उचलायला हवा. सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये प्रवरेकाठी उभा राहिला. ऊस गोळा करणारी यंत्रणा ज्यांनी गावोगाव उभी केली, त्यांना फाटका मल्चिंग गोळा करणं अवघड नाही. दुकानदाराने विकतानाच परत घ्यायची हमी द्यावी, सोसायटीने हंगामाअखेर तो उचलावा. गाळपेर करणाऱ्यांनी आणि मासेमारांनी नाथसागराच्या गाळाची नियमित तपासणी मागावी.

तीन हजार वर्षांनी कुणीतरी हा काठ खणेलच. जोर्व्याची माणसं त्यांना मडक्यांवरून कळतील. आपण कशावरून कळू, ते अजून थोडंफार आपल्या हातात आहे. आज इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ.