टंचाईचा इतिहास आणि जाम झालेला ब्रेक

आपल्याकडे मोटारींचा इतिहास लिहिला गेला तो मुख्यतः कारखानदारांच्या चरित्रांतून आणि औद्योगिक धोरणावरील ग्रंथांतून. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली वाहने बाहेर पडली, पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला, हे सर्व नोंदलेले आहे. परंतु कारखान्यातून बाहेर पडलेली मोटार पुढची तीस-चाळीस वर्षे कोणी आणि कशी चालती ठेवली, याची नोंद अभावानेच सापडते. हा दुसरा इतिहास गॅरेजमध्ये घडला. जाम झालेला ब्रेक आणि न मिळणारा सुटा भाग हा त्याचा एक छोटा अंश आम्ही येथे विचारासाठी घेत आहोत. ‘जुगाड’ या शब्दाला गेल्या काही वर्षांत जी प्रतिष्ठा लाभली आहे, तिची खरी परीक्षा ब्रेकपाशीच होते, असे आम्हांस वाटते.

सुट्या भागांची टंचाई आपल्याकडे दोनदा आली आणि दोन्ही वेळची कारणे भिन्न होती. १९२८ पासून जनरल मोटर्स मुंबईत मोटारींची जोडणी करीत असे. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने धोरण ठरविले की, ज्यांच्याकडे देशातच उत्पादन करण्याची योजना आहे अशाच कंपन्यांना या धंद्यात राहता येईल. त्यानंतर १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी येथील जोडणी बंद केली. कंपन्या गेल्या, पण त्यांनी विकलेल्या मोटारी रस्त्यावर राहिल्या. पुढे १९५७ च्या परकीय चलनाच्या संकटानंतर आयात आणखीच अवघड झाली. ही पहिली टंचाई धोरणातून आली.

दुसरी टंचाई बाजारातून आली. १९६४ साली येथे आलेली फियाट ११०० डिलाइट सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. इटलीत ११०० चे उत्पादन साठच्या दशकाअखेर थांबले. आपल्याकडे मात्र हीच मोटार मूळ आराखड्यात फारसा बदल न होता २००० सालाच्या सुमारापर्यंत तयार होत राहिली. ग्राहकाला पर्याय नसणे हा या दीर्घायुष्यामागचा दोष होता. पण त्यातूनच एक सोयही झाली: एका पिढीच्या मिस्त्रीने शिकलेले काम पुढच्या पिढीच्या उपयोगी पडे आणि सुटे भाग जागोजागी मिळत. उत्पादन थांबल्यावर ही साखळी तुटू लागली. आता आयातीवर पूर्वीसारखी बंधने नव्हती. पण जुन्या मोटारीसाठी भाग बनविण्यात कोणाला फारसा नफा दिसत नव्हता.

आता प्रत्यक्ष ब्रेककडे वळू. या मोटारीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत आणि ते तेलाच्या दाबावर चालत. पायाखालचा दांडा दाबला की मास्टर सिलिंडरमधील तेल नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या लहान सिलिंडरमध्ये जाते, तेथील दट्ट्या बाहेर सरकतो आणि ब्रेक शू ड्रमला आतून घासतात. आपण ज्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो ते वस्तुतः ग्लायकॉलपासून केलेले द्रव्य असते आणि ते हवेतील ओल शोषून घेते. मुंबईसारख्या दमट शहरात, त्यातही चार महिने पावसाळ्यात मोटार उभी राहिली की ही ओल सिलिंडरच्या बिडाच्या अंगाला गंज आणते. दट्ट्या जागीच अडकतो. तो आत अडकला तर ते चाक थांबत नाही आणि मोटार एका बाजूला ओढते. बाहेर अडकला तर शू ड्रमला घासत राहतात आणि चाक तापते.

यावरचा इलाज गॅरेजला ठाऊक होता. तेलाचाच दाब देऊन अडकलेला दट्ट्या हळूहळू बाहेर काढायचा. सिलिंडरच्या अंगावर वरवरचा गंज असेल तर ते घासून गुळगुळीत करायचे. खड्डे खोल असतील तर लेथवर आतून कापून पितळेची स्लीव्ह बसवायची. रबरी वायसर पेट्रोलने किंवा रॉकेलने धुवायचे नाहीत, कारण ते फुगतात. हवा काढण्याचा छोटा निपल गंजलेला असेल तर पान्याने जोर करायचा नाही. तो आतच तुटला किंवा आटे गेले तर सगळा सिलिंडर वाया जातो, आणि दुसरा मिळेलच असे नाही. या ज्ञानात काय करावे याइतकेच काय करू नये याला महत्त्व होते, ही बाब आम्हांस विशेष लक्षणीय वाटते.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे एक ओळखीचा प्रश्न भेटेल. गॅरेजच्या भाषेत ‘ओरिजिनल’ आणि ‘डुप्लिकेट’ हे दोन शब्द मूल्यनिर्णयाचे आहेत. पण वीस वर्षे दुकानाच्या फळीवर पडून राहिलेला, कंपनीच्या वेष्टणातला सिलिंडर अस्सल असला तरी त्यातील रबर वयाने कडक झालेले असते. धातू वापरता येतो, रबर टाकून द्यावे लागते. सर्वांत जुनी पोथी म्हणजे सर्वांत शुद्ध पाठ नव्हे, हे पाठचिकित्सेचे विद्यार्थी शिकतात. जाणता मिस्त्रीही अस्सलपणाच्या शिक्क्यावर न थांबता प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासतो.

येथेच ‘जुगाड’ आणि ‘दुरुस्ती’ यांतील भेद स्पष्ट होतो. दाराची कडी तारेने बांधली तर ती फार तर पुन्हा सुटेल. एका चाकाची ब्रेकची नळी ठोकून बंद केली आणि उरलेल्या तीन चाकांवर मोटार चालविली, तर तिची किंमत रस्त्यावरचा तिऱ्हाईत माणूस मोजू शकतो. लेथवर स्लीव्ह बसविणारा आणि नळी ठोकणारा या दोघांनाही टंचाईनेच शिकविले. परंतु पहिल्याने टंचाईला उत्तर दिले आणि दुसऱ्याने तिला शरण जाऊन धोका दुसऱ्यावर ढकलला. दोघांना एकाच कौतुकाच्या शब्दाखाली गोळा करणे हा पहिल्यावर अन्याय आहे.

या कौतुकात आणखी एक गोष्ट झाकली जाते. ब्रेकच्या लायनिंगमध्ये अनेक दशके ॲस्बेस्टॉस वापरला जात असे. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडविण्याची गॅरेजमध्ये सर्रास पद्धत होती. ती धूळ फुफ्फुसात जाते आणि तिचे दुष्परिणाम कित्येक वर्षांनी प्रकट होतात. स्वस्तात वर्षानुवर्षे चाललेल्या मोटारींचा हिशेब मांडताना ही श्वासातली किंमतही मांडावी लागेल.

मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा काळ संपला. त्या वेळी स्मरणरंजनपर लेखन पुष्कळ झाले. त्यात मोटारीचे रूप होते, प्रवाशांच्या आठवणी होत्या; ती वेळेवर थांबावी म्हणून ज्यांनी हात काळे केले, त्यांचे ज्ञान क्वचितच होते. हे ज्ञान बहुतांशी लिहिलेले नाही. ते ‘आटे’, ‘दट्ट्या’, ‘हवा काढणे’ अशा शब्दांत आणि ते वापरणाऱ्या, आता वय झालेल्या माणसांत आहे. बोलींचे नमुने गोळा करण्यासाठी आपले विद्यार्थी खेडोपाडी जातात, ते योग्यच आहे. त्यांनी एकदा महाविद्यालयाजवळच्या जुन्या गॅरेजातही वही घेऊन जावे, आणि शब्दांबरोबर त्या शब्दांमागचे ‘करू नये’ही लिहून घ्यावे, असे आम्ही सुचवू इच्छितो.