मोतमाउलीची जत्रा आणि लेकुरवाळी कुटुंबे

समाजाचा इतिहास लिहिताना आम्ही १७३९ सालचा वसईचा पाडाव सविस्तर सांगतो. लेकुरवाळ्या आईचा प्रवास मात्र आमच्या लेखनात क्वचितच येतो. पावसाळ्याच्या अखेरीस तान्ह्यासह होडीने खाडी ओलांडणे सोपे नव्हते. १८६७ साली विरारहून मुंबईकडे लोकल गाडी सुरू झाली. सकाळी जाणारी एक, संध्याकाळी परतणारी एक. वसईहून वांद्र्यास जाऊन त्याच दिवशी घरी येणे त्यामुळे शक्य झाले. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होणारी मोतमाउलीची जत्रा अंगावरच्या मुलासही घडविता येऊ लागली. टेकडीवरचे आजचे ख्रिस्तमंदिर १९०४ सालचे. आजाऱ्यासाठी तेथे मेणाचे हातपाय वाहतात, मुलासाठी मेणाची बाहुली. नवस आईचा, मुलांची ओढ चण्यांकडे आणि खेळण्यांकडे, आणि त्यात आम्हांस वावगे काही दिसत नाही.