वजन कमी करण्याची सर्जरी: स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास? निवड नेमकी कशी करायची?

माझी आत्या केळशीला राहते. उंची पाच फूट एक इंच, वजन ९८ किलो. नऊ वर्षांपासून मधुमेह, गुडघेदुखी, आणि रात्री आडवं झालं की घशाशी येणारं आंबट पाणी. मागच्या वर्षी तिने वजन कमी करण्याच्या सर्जरीसाठी तीन ठिकाणी सल्ला घेतला. एका डॉक्टरांनी स्लीव्ह सांगितली, दुसऱ्यांनी मिनी बायपास, तिसऱ्यांनी 'साधा' बायपास. तिन्ही डॉक्टर अनुभवी. घरी आल्यावर आत्याने मला फोन केला, "अगो, तू ते मोबाईलवर समजावून सांगतेस ना लोकांना, मग मला सांग यातलं खरं कोणाचं?"

गंमत म्हणजे तिघांचंही खरं असू शकतं. कसं, ते पाहूया.

आधी हे ठरवा: सर्जरीची गरज आहे का?

त्यासाठी बीएमआय काढतात. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. आत्याचा बीएमआय साधारण ४१ येतो. अमेरिकेत १९९१ साली ठरलेला नियम होता ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेह-बीपीसारखा आजार. आपल्याकडे पोटावरची चरबी जास्त आणि मधुमेह कमी वजनातच गाठतो. त्यामुळे २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी नियम बदलले तेव्हा आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच सर्जरीचा विचार करता येईल असं म्हटलं. 'विचार करता येईल' म्हणजे 'करून टाका' नव्हे, हे लक्षात ठेवा. जाहिरातींमध्ये हा फरक बऱ्याचदा गायब असतो.

इन्शुरन्स कंपन्या मात्र जुन्याच रेषेवर आहेत. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमानुसार क्लेमसाठी वय १८ च्या वर हवं, डॉक्टरांचा लेखी सल्ला हवा, आणि बीएमआय किमान ४० हवा. बीएमआय ३५ ते ४० असेल तर सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप-२ मधुमेह यांसारखा आजार आणि आधीचे उपाय फसल्याची नोंद लागते. मुंबई-पुण्याच्या खासगी हॉस्पिटलमध्ये खर्च साधारण अडीच ते पाच लाखांच्या घरात जातो, त्यामुळे पॉलिसीचा वेटिंग पिरियड आधी वाचा.

स्लीव्ह म्हणजे काय?

आपलं जठर एखाद्या पखालीसारखं असतं. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत दुर्बिणीतून त्याचा ७५ ते ८० टक्के भाग कापून शरीराबाहेर काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. आतड्याला हात लावत नाहीत. जेवण कमी जातं, आणि भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक ज्या भागात बनतं तोच भाग गेल्याने भूकही मंदावते. काढलेला भाग परत बसवता येत नाही.

मुळात ही सर्जरी एकटी करण्यासाठी जन्मालाच आली नव्हती. खूप जास्त वजनाच्या पेशंटला मोठं ऑपरेशन एका दमात झेपत नाही, म्हणून आधी जठर छोटं करायचं, थोडं वजन उतरलं की आतड्याचं काम करायचं, अशी ती पहिली पायरी होती. पुढे लक्षात आलं की बऱ्याच जणांना दुसऱ्या पायरीची गरजच पडत नाही.

याचं सगळ्यांना आठवणारं उदाहरण मुंबईत घडलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तहून इमान अहमद या महिलेला विमानाने आणलं गेलं. वजन ५०० किलोच्या आसपास असल्याचं सांगितलं गेलं. क्रेनने उचलून त्यांना सैफी हॉस्पिटलमध्ये नेल्याचे व्हिडिओ तेव्हा प्रत्येकाच्या फोनवर होते. ७ मार्चला डॉ. मुफझल लकडावाला यांच्या टीमने त्यांच्यावर केली ती स्लीव्हच. कारण साधं, त्या अवस्थेत सर्वांत कमी वेळेचं आणि त्यातल्या त्यात कमी जोखमीचं ऑपरेशन तेच होतं. पुढे उपचारांवरून कुटुंब आणि हॉस्पिटल यांच्यात जाहीर वाद झाला, मे महिन्यात त्यांना अबूधाबीला हलवलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. ही अगदी टोकाची केस. शंभर किलोच्या माणसाने त्यावरून ना घाबरायचं, ना हुरळून जायचं.

मग बायपास आणि मिनी बायपास?

बायपासमध्ये (पूर्ण नाव रू-एन-वाय, स्विस सर्जन सेझार रू यांच्यावरून) जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी छोटी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं कापून थेट तिला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण अन्न तिथे जात नाही. आतड्याला दोन ठिकाणी जोड द्यावे लागतात. मुंबई-गोवा हायवेवरून येणारी गाडी चिपळूणमध्ये न शिरता बाहेरून काढल्यासारखं.

मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट असते आणि जोड एकच. अमेरिकेत रॉबर्ट रुटलेज यांनी १९९७ मध्ये ही पद्धत सुरू केली आणि भारतात ती चांगलीच रुजली. वेळ कमी लागतो, वजनही छान उतरतं. पण आतड्याचा बराच लांब भाग वगळला जातो, त्यामुळे जुलाब, रक्त कमी होणं, प्रथिनं-जीवनसत्त्वं कमी पडणं हे जास्त दिसतं. फ्रान्समध्ये २५३ पेशंटवर झालेल्या योमेगा या अभ्यासात (२०१९) वजन कमी होण्यात ती साध्या बायपासइतकीच ठरली, मात्र पोषणाच्या तक्रारी जास्त होत्या. शिवाय पित्तरस जठरात उलटा येण्याची शक्यता असते. 'मिनी' हे नाव ऐकून लोकांना ती छोटी सर्जरी वाटते. तसं नाही.

गॅस्ट्रिक बँड, म्हणजे जठराभोवती बसवायचा पट्टा, आता जवळपास कालबाह्य आहे. पोटातला फुगा काही महिन्यांनी काढावा लागतो आणि नंतर वजन परत येण्याची शक्यता मोठी. ड्युओडेनल स्विच सर्वांत ताकदीची, पण पोषणाची जोखीमही सर्वांत मोठी, म्हणून मोजक्याच पेशंटसाठी.

आकडे काय म्हणतात?

ढोबळ मानाने पहिल्या एक-दोन वर्षांत स्लीव्हने एकूण वजनाच्या पाव हिस्सा उतरतो, बायपासने तीस टक्क्यांच्या आसपास. ९८ किलोची आत्या स्लीव्हने ७३-७४ वर येईल, बायपासने ६८-७० वर. पुढे थोडं वजन सगळ्यांचंच परत चढतं.

म्हणजे फरक चार-पाच किलोंचा. माझ्या मते एवढ्यासाठी कोणी सर्जरीचा प्रकार बदलू नये. खरा फरक दुसरीकडे आहे.

पहिला, अ‍ॅसिडिटी. फिनलंडमध्ये २४० पेशंटना चिठ्ठी टाकावी तसं स्लीव्ह आणि बायपासमध्ये वाटून दहा वर्षं तपासलं गेलं. दहा वर्षांनी एंडोस्कोपी केली तेव्हा अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्के जणांत, तर बायपासवाल्यांपैकी ७ टक्के जणांत दिसली. स्लीव्हमध्ये जठराची नळी अरुंद होते, आतला दाब वाढतो आणि आम्ल वर ढकललं जातं. ज्यांना आधीच छातीत जळजळ आहे किंवा हायटस हर्निया आहे, त्यांच्यासाठी हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो. म्हणूनच ऑपरेशनचा प्रकार ठरवण्याआधी एंडोस्कोपी झाली का, हे विचारा.

दुसरा, मधुमेह. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये १५० मधुमेहींवर झालेल्या अभ्यासात पाच वर्षांनी तीन महिन्यांची सरासरी साखर ६ किंवा त्याखाली राखू शकलेले बायपासमध्ये २९ टक्के, स्लीव्हमध्ये २३ टक्के आणि फक्त औषधांवर असलेल्यांमध्ये ५ टक्के होते. दोन्ही सर्जरी औषधांपेक्षा बऱ्याच पुढे, आपसातलं अंतर लहान. पण 'सर्जरी केली की शुगर कायमची गेली' असं कोणी म्हणालं तर हे आकडे दाखवा. मधुमेह जितका जुना, तितकी तो पूर्ण मागे हटण्याची शक्यता कमी.

उलट काही जणांसाठी स्लीव्हच बरी. पोटाची आधी बरीच ऑपरेशनं झालेली असतील, आतड्याचा क्रोन्स आजार असेल, किंवा फिट्ससारखी अचूक मात्रेत शोषली जावी लागणारी औषधं चालू असतील, तर आतड्याची वाट न बदललेली चांगली. घरात जठराच्या कॅन्सरचा इतिहास असेल तरीही. बायपासनंतर मागे राहिलेल्या जठरात साध्या एंडोस्कोपीने डोकावता येत नाही.

तंबाखू आणि मिश्री हा विषय डॉक्टरांसमोर लाजून लपवू नका. बायपासच्या जोडावर तंबाखूमुळे अल्सर होतो, गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या पेनकिलरनेही होतो. सुटणार नसेल तर निवड बदलते.

केळशीत राहणाऱ्याचा हिशोब वेगळा का?

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. आत्याला तिन्ही डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सल्ला दिला, पण 'तुम्ही राहता कुठे' हे कोणी विचारलं नाही. केळशीहून दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे, पण बॅरिएट्रिक सर्जन गाठायचा तर मुंबई किंवा पुणे. म्हणजे पाच-सहा तासांचा प्रवास, पावसात त्याहून जास्त.

बायपासनंतर काही पेशंटमध्ये, कधी कधी वर्षांनंतरही, आतडं आतल्या फटीत अडकतं. पोटात कळा येतात, थांबतात, पुन्हा येतात. साध्या तपासणीत काही सापडत नाही आणि 'गॅस झालाय' म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जाऊ शकतं. अशा वेळी तातडीने सीटी स्कॅन लागतो, आणि उशीर झाला तर आतडं सडू शकतं. स्लीव्हमध्ये हा धोका नसतो.

दुसरी गोष्ट उलट्यांची. कोणत्याही प्रकारानंतर पहिल्या काही महिन्यांत सलग काही दिवस उलट्या झाल्या तर शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपतं. अशा पेशंटला अशक्तपणा म्हणून नुसती ग्लुकोजची बाटली लावली तर मेंदू आणि नसांना कायमची इजा होऊ शकते. बी-१ चं इंजेक्शन आधी किंवा सोबत द्यावं लागतं. गावातल्या डॉक्टरांना बॅरिएट्रिक पेशंट क्वचितच दिसतो, म्हणून हे त्यांना तुम्हीच सांगायचं.

आणि आयुष्यभराच्या गोळ्या. मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, डी, बी-१२, शिवाय ठरलेल्या रक्त तपासण्या. बायपासमध्ये यात हयगय चालतच नाही, मिनी बायपासमध्ये तर नाहीच. रक्त दापोलीत देता येतं आणि रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, त्यामुळे हे अशक्य नाही. पण दर महिन्याचा गोळ्यांचा खर्च आणि ते आठवणीने करणारं घरात कोण, हे आधी ठरवायला हवं. सर्जनना स्पष्ट सांगा की फॉलो-अपला मी वर्षातून एकदाच येऊ शकेन.

जेवणाचंही तसंच. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. मासे-अंडी खाणाऱ्यांना ते त्यातल्या त्यात सोपं. पूर्ण शाकाहारी घरात डाळ, पनीर, ताक यांवर भागत नाही, प्रोटीन पावडर घ्यावी लागते. बायपासनंतर आमरसाची वाटी किंवा दोन उकडीचे मोदक एका दमात खाल्ले तर घाम, धडधड, चक्कर, जुलाब असा त्रास होऊ शकतो. साखर आतड्यात झपकन उतरते म्हणून. त्याला डम्पिंग म्हणतात. कोकणात एप्रिल-मे काढायचा तर हे माहीत असलेलं बरं.

आणि ती नवी इंजेक्शनं?

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात आली. चाचण्यांमध्ये सव्वा वर्षाच्या वापराने वेगोवीने सरासरी १५ टक्के, तर मौंजारोच्या सर्वांत मोठ्या डोसने २० टक्क्यांच्या आसपास वजन घटलं. ज्यांचा बीएमआय सीमारेषेवर आहे त्यांनी आधी यांचा विचार करण्यात काही चूक नाही. मात्र इंजेक्शन थांबवलं की वजन बऱ्याच अंशी परत येतं.

डॉक्टरांना काय विचारायचं?

तुम्ही तिन्ही प्रकार करता की एकच? (एकच करणारा सर्जन तोच सुचवेल, हे मानवी आहे.) माझ्या एंडोस्कोपीत काय दिसलं? रात्री दोन वाजता पोटात दुखलं तर फोन कोण उचलणार? या ऑपरेशनमध्ये मृत्यूची जोखीम मोठ्या केंद्रांत साधारण हजारात एकाच्या आसपास असते; माझी जोखीम त्याहून जास्त आहे का? वयात असलेल्या मुलींनी आणखी एक विचारावं. सर्जरीनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, आणि वजन उतरलं की पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता वाढते.

आत्याच्या एंडोस्कोपीत हायटस हर्निया आणि अन्ननलिकेला सूज निघाली. त्यामुळे स्लीव्ह मागे पडली. मिनी बायपासबद्दल पित्ताच्या भीतीने ती साशंक होती. शेवटी साधा बायपास ठरला, तोही सर्जनने दापोलीतल्या तिच्या फॅमिली डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोलल्यानंतर. आतडं अडकण्याच्या फटी ऑपरेशनच्या वेळीच शिवून घेणार का, हेही तिने विचारून घेतलं. उत्तर 'हो' आलं. तारीख चैत्रातल्या महालक्ष्मीच्या यात्रेनंतरची घेतली आहे. सीटी स्कॅनच्या आणि बी-१ च्या सूचना मराठीत लिहिलेला एक कागद तिने लॅमिनेट करून आत्ताच फ्रिजवर लावलाय, आणि त्याचा फोटो शेजारच्या दोन घरांतही पाठवलाय.